गॅस नेमका किती ग्रॅम भरला?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: एसीचा गारवा कमी झाला म्हणून गॅस भरून घेतला. पहिले दोन दिवस गाडीत अक्षरशः हुडहुडी भरत होती. आता गाडी पळत असली की बरं, पण सिग्नलला थांबली की दोन मिनिटांत कोमट वारा सुरू. परत दाखवायला गेलात तर गेज (दाब मोजायचं घड्याळ) लावून निदान मिळालं, "प्रेशर बरोबर आहे, कॉम्प्रेसर गेलाय." शिवाय गाडी बंद केल्यावर डॅशबोर्डच्या मागून फुस्स असा आवाज येतो, त्याची धास्ती वेगळीच.

आवाजाचं आधी मिटवतो. एसी चालू असताना एका बाजूला दोन-सव्वादोनशे पीएसआय दाब असतो, तर दुसऱ्या बाजूला तीस-चाळीस. कॉम्प्रेसर थांबला तरी जास्त दाबाचा गॅस एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून कमी दाबाकडे जात राहतो आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या की गप्प होतो. हा फुसफुसाट ठणठणीत एसीतही असतो. तोच आवाज एसी चालू असताना सतत येत असेल आणि गारवाही कमी असेल, तर मात्र व्हॉल्व्हपाशी निखळ द्रव पोचत नाही, वाफेचे बुडबुडे मिसळून येतात. म्हणजे गॅस कमी असल्याची शंका घ्यायला जागा आहे.

आता खरं दुखणं. कॉम्प्रेसर बदलायला इतक्यात हो म्हणू नका. गेला असेलही, पण उभ्या गाडीत कोमट आणि पळत्या गाडीत गार हे लक्षण तीन निरनिराळ्या बिघाडांत हुबेहूब सारखं दिसतं. गॅस कमी असला तर आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, हळू फिरणारा कॉम्प्रेसर पुरेसा गॅस ढकलू शकत नाही, इंजिनाचा वेग वाढला की थोडंफार निभावतं. कंडेन्सरवर (रेडिएटरच्या पुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पुरेशी हवा येत नसली किंवा गॅस प्रमाणाबाहेर भरला असला, तर उभ्या गाडीत दाब चढतो आणि गाडी पळायला लागली की समोरून येणारा वारा वेळ मारून नेतो. कॉम्प्रेसर आतून झिजला असला तरी तेच: हळू फिरताना दाब तयार होत नाही, जोरात फिरवला की होतो. बाहेरून तिघांचं तोंड एकच. त्यांना वेगळं काढायचं तर दोन्ही बाजूंचे गेज एकाच वेळी लावून, आधी आयडलला आणि मग रेस देऊन बघायला लागतं.

त्यामुळे "प्रेशर बरोबर आहे" हे वाक्य माझ्या लेखी अर्धवट आहे. कोणत्या बाजूचं? इंजिन चालू असताना की बंद? बाहेर तापमान किती होतं? इंजिन बंद ठेवून बघितलं असेल तर त्या आकड्यावरून गॅस किती आहे ते कळतच नाही. पारदर्शक लायटर डोळ्यांसमोर आणा. काठोकाठ भरलेला असो की तळाशी थेंबभर द्रव उरलेला असो, ज्योत तेवढीच येते, कारण आतला दाब द्रवाच्या तापमानावर ठरतो, तो किती आहे यावर नाही. गाडीच्या एसीतला आर-१३४ए हा गॅस असाच वागतो. ३० अंश सेल्सिअसला बंद गाडीत दोन्ही गेजवर साधारण ९७ पीएसआय दिसणार, ३५ अंशांना ११४ च्या आसपास. आत शंभर ग्रॅम असो की सहाशे, जोवर थोडा द्रव शिल्लक आहे तोवर आकडा हाच.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो दाबाचा नसतो, ग्रॅमचा असतो. बॉनेट उघडलंत की पुढच्या पट्टीवर किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूला एसीचा स्टिकर असतो. गॅस कोणता आणि किती, दोन्ही त्यावर छापलेलं असतं. लहान गाडीत ते वजन बहुधा चारशे-पाचशे ग्रॅमच्या आसपास असतं, मागच्या सीटसाठी वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या मोठ्या गाडीत त्याहून बरंच जास्त. भरणाऱ्याने वजनकाटा वापरला का? जुना गॅस पूर्ण काढून, व्हॅक्यूम करून, मोजून भरला का? की होता त्यावरच कॅन लावून "गार लागेपर्यंत" ढकलला? दुसरा प्रकार झाला असेल तर आत नेमकं काय आहे हे भरणाऱ्यालाही माहीत नाही. आजकालचे कंडेन्सर पातळ नळ्यांचे आणि लहान असतात. त्यांच्यात पन्नास-शंभर ग्रॅमचा फरकही सोसत नाही. जुन्या मोठ्या कंडेन्सरच्या गाड्यांवर हात बसलेली माणसं अंदाजाने भरायला जातात आणि इथेच फसतात.

गेजच्या आधी हाताने बघण्यासारखं एक आहे, आणि ते तुम्ही स्वतः करू शकता. इंजिन गरम होऊ द्या, एसी पूर्ण गारवर, आतली हवा फिरवण्याचं बटण चालू, ब्लोअर मधल्या वेगावर. दहा मिनिटं गाडी उभी ठेवा. मग बॉनेटखाली केबिनच्या भिंतीतून आत जाणारे अॅल्युमिनियमचे दोन पाइप शोधा, एक जाड, एक बारीक. जाड पाइप गार हवा, दमट दिवशी त्यावर पाणी सुटलेलं हवं. बारीक पाइप कोमट ते गरम. (पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात, बाह्या, ओढणी लांब ठेवा. कंडेन्सरचा पंखा न सांगता सुरू होतो. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपला तर हात लावूच नका, फोड येईल.)

जाड पाइप बर्फासारखा गार आहे आणि तरीही आत कोमट वारा येतोय, तर गॅसला दोष देऊ नका. डॅशबोर्डच्या आत गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकली असेल, किंवा केबिन फिल्टर धुळीने गच्च झाला असेल. कूलिंग कॉइलवर बर्फ जमत असेल तर वारा हळूहळू कमी होतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा जोरात येतो. अशा वेळी कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर तपासायचा. या तिन्हींत गॅस भरून एका पैचाही फायदा नाही. तुमच्या बाबतीत मात्र गारवा गाडीच्या वेगाबरोबर बदलतो, त्यामुळे पाइप उभ्या गाडीत कोमट लागेल अशी माझी अटकळ आहे.

आता गेज. बाहेर ३५ अंश असताना आर-१३४ए च्या चांगल्या एसीत आयडलला लो साइडला (कमी दाबाची बाजू) साधारण ३० ते ४५ आणि हाय साइडला (जास्त दाबाची बाजू) २०० ते २५० पीएसआय दिसतं. हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण ध्यानात ठेवलेलं बरं. कंडेन्सरला आपली उष्णता बाहेरच्या हवेला द्यायची असते, म्हणून आतला गॅस हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी गरम असायला लागतो. ३५ अधिक वीस म्हणजे ५५ अंश, आणि ५५ अंशांना या गॅसचा दाब २०० पीएसआयच्या आसपास असतो. ६० अंशांना २३०. म्हणून थंडीच्या सकाळी हाय साइडला १४० दिसलं तर घाबरायचं नाही, आणि रणरणत्या उन्हात १४० दिसलं तर खूश व्हायचं नाही.

दोन्ही काटे खाली असतील, कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारा क्लच दर काही सेकंदांनी लागत-सुटत असेल, तर गॅस कमी आहे. गॅस भरल्यावर दोन दिवस छान चालून मग हे झालं असेल तर गळती आहे आणि चांगली मोठी आहे. लो साइडचा काटा वर आणि हाय साइडचा खाली, म्हणजे ७० आणि १२० वगैरे, आणि रेस दिल्यावर दोघांतलं अंतर वाढतं, तर कॉम्प्रेसर दाब करत नाही. तरीही लगेच नवा मागवू नका. पुष्कळ गाड्यांत आता कॉम्प्रेसरचा स्ट्रोक कमी-जास्त करणारा कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. तो बिघडला तर गेजवर अगदी हेच चित्र दिसतं, आणि काही कॉम्प्रेसरवर तो व्हॉल्व्ह सुटा बदलता येतो. लो साइड जवळजवळ शून्याकडे किंवा त्याही खाली जात असेल, तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह चोंदलाय किंवा आतल्या ओलाव्याचा त्याच्या भोकात बर्फ होतोय. बर्फाची खूण अशी की एसी वीसेक मिनिटं उत्तम चालतो, मग ढेपाळतो आणि दहा मिनिटं बंद ठेवून सुरू केला की पुन्हा उत्तम.

दोन्ही काटे वर असतील, हाय साइड ३०० च्या पुढे सरकत असेल, तर गॅस जास्त आहे, किंवा आत हवा राहिली आहे, किंवा कंडेन्सर गुदमरलाय. तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय इथेच जातो. दाब असाच चढत राहिला की सुरक्षेचा स्विच क्लच तोडतो, म्हणून कॉम्प्रेसर "बंद पडतो". तो बंद पडलेला दिसला की कॉम्प्रेसर गेला असं सांगणं सोपं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इथे एक साधी चाचणी आहे, मी ती रोज करतो. गाडी उभी, एसी चालू, गेज लावलेले. झाडांवर फवारायच्या बाटलीत साधं पाणी घेऊन समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर बारीक तुषार मारायचे. पाणी वाफ होताना भरपूर उष्णता घेऊन जातं. हाय साइडचा काटा ३२० वरून २२० वर डोळ्यांदेखत उतरतो आणि मिनिटभरात आत ठेवलेला थर्मामीटर खाली यायला लागतो. हे झालं की कॉम्प्रेसरवरचा आरोप गळून पडला, कारण ३२० पीएसआय दाब करणारा कॉम्प्रेसर झिजलेला नसतो. गेज नसले तरी फवारणी करून बघा. उभ्या गाडीत गारवा परत आला तर तुम्हाला अर्धं उत्तर मिळालं.

उरलेलं अर्धं म्हणजे पंखा की जास्तीचा गॅस. पाणी मारल्यावर दाब दोन्हींत उतरतो, त्यामुळे आधी पंख्याकडे बघायचं. एसी लावल्यावर तो फिरतो का, आणि पूर्ण वेगाने फिरतो का? एका वेगाचा रेझिस्टर किंवा रिले गेला की पंखा फिरताना दिसतो, पण हळू. बघणारा समाधानाने बॉनेट बंद करतो. पंख्याची मोटर जुनी होऊन मंदावली असली तरी हेच. मग बॅटरी घेऊन वरून कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत प्रकाश टाका. समोरून कंडेन्सर लखलखीत असतो, कारण पाण्याचा पाइप सगळे समोरूनच मारतात. मागे काय साचलंय हे कोणी बघत नाही. एका गाडीत वर्षभरात तीन वेळा गॅस भरून झाला होता, चौथ्यांदा ती माझ्याकडे आली. रेडिएटरचे वरचे बोल्ट सोडून तो बोटभर मागे ओढला, तर मधून धूळ, किड्यांचे पंख आणि झाडाचा कापूस यांची नमद्यासारखी घट्ट चादर अख्खी निघाली, हाताने धरून उचलता येईल अशी. त्या दिवशी मी एक ग्रॅमही गॅस भरला नाही. कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुतला आणि उभ्या गाडीत हाय साइड जवळजवळ शंभरने खाली आली. जोराचं प्रेशर वॉशर वापरू नका. कंडेन्सरची पाती आडवी झाली की दुखणं कायमचं.

पंखा आणि कंडेन्सर दोन्ही चोख निघाले, तर आतला सगळा गॅस मशीनने काढून घ्यायचा आणि मशीनच्या वजनकाट्यावर वाचायचं. स्टिकरवर ४५० आणि निघाला ६२०, तर वादच मिटला. ३०० निघाला तर गळती शोधायची. वजन बरोबर आहे पण दाब चढाच होता, तर आत हवा गेली होती. हवेची खूण गॅस काढण्याआधीही मिळते. गाडी रात्रभर सावलीत बंद राहू द्या, सकाळी गेज लावा आणि हवेच्या तापमानाशी ताडून बघा. ३० अंशांना ९७ च्या जागी १२० दिसलं तर त्या वरच्या दाबाचा धनी गॅस नाही, हवा आहे. किंवा कॅनमध्ये आर-१३४ए च्या नावाखाली भलतंच काहीतरी होतं. हे केवळ भीती घालायला सांगत नाही. २०११ मध्ये भेसळीच्या गॅसमुळे रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये कामगार मृत्युमुखी पडले होते. त्या भेसळीतला मिथाइल क्लोराइड अॅल्युमिनियमशी संयोग पावतो, आणि गाडीच्या एसीत तर जिकडेतिकडे अॅल्युमिनियमच आहे.

व्हॅक्यूमबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चालढकल तिथेच होते. पंप लावायचा तो फक्त हवा काढायला नाही, ओलावा उकळून काढायला. ३० अंशांना पाणी उकळायचं तर आतला दाब वातावरणाच्या सुमारे चोविसाव्या भागापर्यंत खाली आणायला लागतो, आणि तेलात मुरलेलं पाणी त्यानंतरही सावकाशच सुटतं. पाच मिनिटं पंप चालवून "व्हॅक्यूम झाला" म्हणणाऱ्याने हवा काढली, पाणी आतच ठेवलं. मी पाऊण तास देतो. सिस्टिम कुठे उघडी राहिली असेल तर त्याहून जास्त, आणि ओलावा शोषणारा ड्रायर नवा टाकतो. नंतर पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा हलतो का बघायचं. पण काटा हलला नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त एका वातावरणाचा, म्हणजे साधारण १४.७ पीएसआय दाब असतो. चालू एसीत आतून बाहेर त्याच्या पंधरापट. एखादी ओ-रिंग पहिल्या दाबाला जागेवर घट्ट बसते आणि दुसऱ्याला फटीतून वाट देते. गळतीची शंका असेल तर कोरडा नायट्रोजन भरून, सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघणं हेच खरं.

गळती शोधताना आधी सगळ्यात स्वस्त जागा बघा: गॅस भरायच्या पोर्टमधली पिन. त्यातूनच गॅस भरला गेलाय, त्यामुळे भरल्यानंतर दोन दिवसांत गारवा गेला तर पहिला संशय तिच्यावर. पोर्टवर एक थेंब साबणाचं पाणी टाका, बुडबुडा फुगतोय का बघा. आणि पोर्टची प्लॅस्टिकची टोपी हरवली असेल तर नवी बसवा. ती फक्त धुळीसाठी नसते, आतल्या रबरी रिंगमुळे ती दुसरं सील असते. त्यानंतर कंडेन्सरवर दगड लागून तेलकट झालेला ठिपका, कॉम्प्रेसरच्या पुढच्या शाफ्ट सीलभोवती तेलाचा शिडकावा, पाइपांचे सांधे. गॅस जिथून जातो तिथे तेलाची खूण सोडतो आणि तेलावर धूळ बसते. कोरड्या सांध्यांच्या रांगेत एकच काळपट, ओलसर सांधा दिसला की समजायचं. कूलिंग कॉइल गळत असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, पाण्याच्या निचरा नळीपाशी गॅस डिटेक्टर धरून बघायला लागतं. अतिनील दिव्यात चमकणारा रंग आत टाकून शोध घेता येतो, पण गळती बुजवणारं औषध म्हणून जे कॅनमध्ये विकतात ते टाकू नका. हवेचा ओलावा लागला की ते घट्ट होतं, आणि उद्या ते एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस काढायच्या मशीनमध्ये घट्ट झालं तर तुमची गाडी कोणी हातात धरणार नाही.

घरी स्वतः कॅन लावायचा मोह होत असेल तर दोन गोष्टी. त्या छोट्या घड्याळावर फक्त लो साइड दिसते, आणि कॉम्प्रेसर लागलेलाच नसेल तर तोही आकडा फसवा असतो. आणि इंजिन चालू असताना हाय साइडला कॅन कधीही, चुकूनही लावायचा नाही. कॅन फुटतो. काही नव्या गाड्यांत आर-१३४ए ऐवजी आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असतो. युरोपात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१७ पासून आर-१३४ए बंद आहे. दोन्हींचे पोर्ट मुद्दाम वेगळे ठेवलेत. अडॅप्टर लावून एकात दुसरा भरण्याचा उद्योग करू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नेहमीचं पीएजी तेल थोडंही आत जाता कामा नये. तिथल्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं, चुकीचं तेल गेलं की इन्सुलेशनचा दोष दाखवून गाडीच अडून बसते.

क्लच लागत नाही म्हणून कॉम्प्रेसरवर ठपका असेल तर आणखी एक बघा. गाडी थंड असताना क्लच नीट लागतो आणि तापल्यावर लागत नाही, असं आहे का? वर्षानुवर्षं घासून पुढची प्लेट आणि पुली यांच्यातली फट वाढते. गरम झालेल्या कॉइलचं चुंबक तेवढी फट ओलांडून प्लेट ओढू शकत नाही. फट सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. फीलर गेजने मोजा. पुष्कळ कॉम्प्रेसरवर प्लेटमागची एक पातळ चकती काढली की फट पुन्हा जागेवर येते. काम तासाभराचं, आणि त्यासाठी गॅसला हातही लावायला लागत नाही.

एवढं सगळं करून लो साइड वर, हाय साइड खाली, कंट्रोल व्हॉल्व्ह चांगला, गॅसचं वजन बरोबर, असं निघालं तर कॉम्प्रेसर बदला. पण आधी जुन्याचं तेल एका पांढऱ्या फडक्यावर ओतून बघा. तेल स्वच्छ असेल तर नवा कॉम्प्रेसर, नवा ड्रायर आणि जुन्यातून निघालं तेवढंच मोजून तेल. नव्या कॉम्प्रेसरमध्ये तेल भरूनच आलेलं असेल तर जास्तीचं काढून टाकायचं. तेल कमी पडलं तर कॉम्प्रेसर जाम होतो, जास्त झालं तर कूलिंग कॉइलच्या आतून थर धरून गारवा खातं. फडक्यावर राखाडी चकाकी किंवा बारीक कीस दिसला, तर तो कीस कंडेन्सरच्या केसासारख्या नळ्यांतही जाऊन बसलाय. त्या धुवून साफ होत नाहीत. अशा वेळी कंडेन्सरही बदलायचा, पाइप धुवायचे आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह नवा टाकायचा, नाहीतर नवा कॉम्प्रेसर काही महिन्यांत जुन्याच्या वाटेने जातो.

तर उद्या सकाळी स्टिकरचा फोटो काढा, फवारणीची बाटली घेऊन उभ्या गाडीत चाचणी करा, पंख्याचा वेग आणि कंडेन्सरमागची फट बघा. मग गॅरेजमध्ये जाऊन गॅस काढून वजन करायला सांगा आणि मशीनचा आकडा स्वतः उभं राहून वाचा. थर्मामीटर मधल्या झरोक्यात ठेवून, आतली हवा फिरवण्याचं बटण चालू ठेवून उभ्या गाडीत ८ ते १० अंश मिळाले तर एसी चांगला आहे. बाहेर ऊन आणि दमट हवा दोन्ही असतील तर १२ अंशांवरही मी तक्रार करणार नाही, कारण अशा दिवशी एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. गाडीखाली जे थारोळं साचतं ते तेच पाणी.